नऊ गोलांच्या आधीचा माणूस

१८ जून १९७४. पश्चिम जर्मनीतल्या गेल्सनकिर्खेन शहरात विश्वचषकाचा सामना सुरू होऊन जेमतेम वीस मिनिटे झाली होती आणि युगोस्लाव्हियाने झाईरवर तीन गोल चढवले होते. एकविसाव्या मिनिटाला झाईरच्या बाकावर हालचाल झाली आणि गोलरक्षक कझादी म्वांबा याला बाहेर बोलावण्यात आले. त्याला कुठलीही दुखापत झालेली नव्हती. त्याच्या जागी उंचीने बराच कमी असलेला राखीव गोलरक्षक तुबिलांडू उतरला आणि मिनिटभरातच जाळ्यातून चेंडू काढून आणण्याची पाळी त्याच्यावर आली. सामना संपला तेव्हा फलकावर ९–० असा आकडा होता.

झाईरचे प्रशिक्षक होते ब्लागोये विदिनिच. ते युगोस्लाव्ह होते आणि युगोस्लाव्हियाचेच माजी गोलरक्षक होते. संशयाला एवढे पुरेसे झाले. मायदेशाला गोलांची रास घालता यावी म्हणून या माणसाने आपल्या हाताखालचा संघ विकला, अशी कुजबुज तेव्हा सुरू झाली आणि ती पुरती कधी थांबली नाही. विश्वचषकाच्या इतिहासात विदिनिच भेटतात ते बहुतेक वेळा या एका सामन्याच्या ओळीत, बदलीच्या त्या एका निर्णयापुरते. मला हा मोठा अन्याय वाटतो. हे पुस्तक लिहावेसे वाटले ते त्यामुळेच.

विदिनिच यांचा जन्म १९३४ साली स्कोप्ये इथला. हे शहर आज उत्तर मॅसेडोनियाची राजधानी आहे, तेव्हा ते युगोस्लाव्हियात होते. खेळाची सुरुवात गावातल्याच वार्दार क्लबकडून झाली. मात्र गोलरक्षक म्हणून ते घडले सर्बियात, बेलग्रेडमध्ये. आधी राडनिच्की आणि पुढे ओएफके बेलग्रेड हे त्यांचे क्लब. बेलग्रेडच्या फुटबॉलवर रेड स्टार आणि पार्टिझान या दोन क्लबांचे राज्य होते. राडनिच्की हा त्या शहरातल्या कामगारांचा क्लब. तिथे मोठ्या क्लबांची गर्दी नाही, मानमरातब नाही, आणि बचावफळीही तेवढी भक्कम नाही. अशा क्लबाच्या गोलरक्षकाकडे रविवारी काम भरपूर असते. विदिनिच यांचे शिक्षण त्या कामातून झाले.

त्या पिढीतल्या युगोस्लाव्हियात गोलरक्षकांचे पीक असे आले होते की राष्ट्रीय संघाच्या एका जर्सीसाठी तीन-चार तोलामोलाची माणसे उभी असत. व्लादिमिर बेआरा वयाने मोठे आणि कीर्तीनेही मोठे. पार्टिझानचे मिलुतिन शोश्किच तरुण आणि चपळ. ओएफकेचे पेतार रादेन्कोविच गोल सोडून चेंडूसकट मैदानाच्या मध्यापर्यंत जाण्याचे धाडस करणारे. पुढे ते जर्मनीत गेले, १८६० म्युनिक या क्लबाबरोबर १९६६ मध्ये विजेते झाले आणि त्यांचे एक गाणेही तिथे गाजले. या सगळ्यांत विदिनिच यांचे स्थान कायम दोलायमान राहिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाला रौप्यपदक मिळाले. चमूत विदिनिच होते, पण सोव्हिएत संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात गोलमध्ये रादेन्कोविच उभे राहिले.

चार वर्षांनी पॅरिसमध्ये पारडे फिरले. जुलै १९६० मध्ये युरोपातल्या राष्ट्रांची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. उपांत्य सामन्यात फ्रान्स ४–२ असा पुढे होता. त्यानंतर चार-पाच मिनिटांच्या आत युगोस्लाव्हियाने तीन गोल केले आणि सामना ५–४ असा खेचून आणला. त्या सामन्यात गोलमध्ये शोश्किच होते. संघ जिंकला खरा, पण चार गोल खाल्ले गेले होते, आणि १० जुलैच्या अंतिम सामन्याला शोश्किच यांच्या जागी विदिनिच उतरले. समोरच्या गोलमध्ये सोव्हिएत संघाचे लेव्ह याशिन. मध्यंतराच्या तोंडावर गालिच याने युगोस्लाव्हियाला आघाडी मिळवून दिली. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात लांबून आलेला एक फटका विदिनिच यांना धरून ठेवता आला नाही आणि मेत्रेवेलीने सुटलेला चेंडू आत ढकलला. जादा वेळेत पोनेदेल्निकच्या डोक्याने सामना संपवला. सोव्हिएत संघ विजेता, युगोस्लाव्हिया उपविजेता.

पुढच्या सगळ्या कथेची किल्ली मला या आठवड्यात दिसते. दुसऱ्याला बाजूला सारून आपल्याला जागा मिळते तेव्हा काय वाटते, आणि हातातून सुटलेल्या एका चेंडूचे ओझे किती दिवस वाहावे लागते, हे विदिनिच यांनी एकाच स्पर्धेत अनुभवले. गेल्सनकिर्खेनमध्ये कझादीला बाहेर बोलावणारा माणूस या दोन्ही बाजूंनी जाऊन आलेला होता. त्या निर्णयाची किंमत त्याला कळत नव्हती असे म्हणता येणार नाही.

१९६० च्याच सप्टेंबरमध्ये रोमला भरपाई झाली. ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात यजमान इटलीशी १–१ अशी बरोबरी झाली आणि निकाल चिठ्ठी टाकून लावला गेला. चिठ्ठी युगोस्लाव्हियाची निघाली. अंतिम सामन्यात डेन्मार्कला ३–१ असे हरवून संघाने सुवर्णपदक घेतले. विदिनिच यांच्या खेळाडू म्हणून असलेल्या कारकिर्दीचे शिखर हेच. राष्ट्रीय संघाकडून त्यांचे सामने मोजकेच झाले. १९६२ च्या चिली विश्वचषकात युगोस्लाव्हिया चौथा आला तेव्हा गोलमध्ये शोश्किच होते.

यानंतर सुरू होते ती भटकंती. ती समजायला त्या देशातला एक नियम माहीत असावा लागतो. समाजवादी युगोस्लाव्हियाच्या सीमा इतर पूर्व युरोपीय देशांसारख्या बंदिस्त नव्हत्या, पण फुटबॉलपटूला परदेशी क्लबाकडून खेळायचे तर वयाची अठ्ठावीस वर्षे भरावी लागत आणि लष्करी सेवा पूर्ण झालेली असावी लागे. म्हणजे ऐन उमेदीची वर्षे देशाची आणि उरलेली स्वतःच्या संसाराची. बिनीच्या खेळाडूंना तिशीच्या उंबरठ्यावर जर्मनी, फ्रान्स, बेल्जियमचे दरवाजे उघडत. मधल्या फळीतल्या माणसांना मिळेल ते घ्यावे लागे. विदिनिच स्वित्झर्लंडमध्ये सिऑन क्लबकडे गेले. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलचा नवा डाव मांडला गेला तेव्हा लॉस एंजेलिस टोरोस या संघात दाखल झाले. वर्षभरात तो संघच उठून सॅन डिएगोला गेला. १९६८ च्या अंतिम फेरीपर्यंत पोचून अटलांटाकडून हरला. त्यानंतर विदिनिच सेंट लुईस स्टार्सकडे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसे हे दिवस. मोठमोठ्या बेसबॉलच्या मैदानांवर तुरळक प्रेक्षक, युरोप आणि दक्षिण अमेरिकेतून गोळा झालेले उतारवयातले खेळाडू, आणि खेळाचे नियमही नीट ठाऊक नसलेले टीव्हीवाले.

या वर्षांना चरित्रकार सहसा एका वाक्यात गुंडाळतात. मी त्यांना पुस्तकात एक सबंध प्रकरण दिले आहे. पाच भाषा बोलणाऱ्या संघाच्या बचावफळीला मागून ओरडून उभे करायचे, हे गोलरक्षकाचे काम. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांच्या सवयी माहीत नाहीत, त्यांना काही आठवड्यांत एकत्र हलायला शिकवण्याची पुढे जी वेळ आली, तिची तालीम अमेरिकेत झाली असावी असे माझे मत आहे.

गोलरक्षक चांगले प्रशिक्षक होतात का, यावर फुटबॉलवाल्यांत वाद आहे. पुष्कळांना वाटते की तो खेळाच्या बाहेर उभा असतो, त्याला आक्रमण काय कळणार. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. मैदानावर सबंध खेळ समोरून दिसतो तो त्या एकट्याला. कोण दमला, कोण जागा सोडतो आहे, प्रतिस्पर्धी कुठून घुसणार, हे त्याला दहा सेकंद आधी दिसते आणि तरीही स्वतः धावून जाता येत नाही. सांगणे एवढेच त्याच्या हातात असते. प्रशिक्षकाची स्थिती याहून वेगळी काय असते?

युगोस्लाव्ह प्रशिक्षक आफ्रिकेत आणि आशियात एवढ्या संख्येने का गेले, याचे उत्तर मात्र फुटबॉलबाहेर शोधावे लागते. सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. टिटो, नेहरू, नासेर, एन्क्रुमा, सुकार्नो एका टेबलाभोवती बसले. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना इंजिनिअर हवे होते, डॉक्टर हवे होते, आणि फुटबॉल शिकवणारेही हवे होते. इंग्रज किंवा फ्रेंच माणूस आणला तर जुन्या मालकाला परत बोलावल्यासारखे व्हायचे. युगोस्लाव्ह माणसावर तो डाग नव्हता. शिवाय तो कमी पगारात येई, अभ्यासू असे आणि गैरसोयींची तक्रार करीत नसे. बेआरा पुढे कॅमेरूनचे प्रशिक्षक झाले. विदिनिच यांना बोलावणे आले मोरोक्कोचे.

१९७० च्या मेक्सिको विश्वचषकाचे मोल आफ्रिकेसाठी फार मोठे होते. १९३४ मध्ये इजिप्तचा संघ एक सामना खेळून परतला, त्यानंतर विश्वचषकात आफ्रिकेचा एकही संघ दिसला नव्हता. १९६६ च्या स्पर्धेत आफ्रिकेला हक्काची जागा नाकारली गेली म्हणून तिथल्या देशांनी स्पर्धेवर बहिष्कार घातला. त्या बहिष्काराने मिळवून दिलेल्या पहिल्या हक्काच्या जागेवर मोरोक्को मेक्सिकोला आला होता. पात्रता फेरीचे काम फ्रेंच प्रशिक्षक क्लुझो यांनी केले होते. विदिनिच यांच्या हाती संघ आला तो स्पर्धेच्या तोंडावर.

३ जूनला लिऑन शहरात पश्चिम जर्मनीशी पहिली गाठ पडली. समोर झेलर, म्युलर, बेकेनबाउर. एकविसाव्या मिनिटाला होउमान जरीरने गोल केला आणि मध्यंतराला मोरोक्को १–० असा पुढे होता. चार वर्षांपूर्वीच्या उपविजेत्यांना बरोबरी साधायला छप्पन्नावे मिनिट उजाडले आणि म्युलरचा विजयी गोल यायला सामना शेवटच्या टप्प्यात जावा लागला. १–२ असा पराभव, पण सबंध आफ्रिकेने ताठ मानेने मिरवावा असा. दुसऱ्या सामन्यात पेरूने ३–० असे हरवले. तिसऱ्यात बल्गेरिया आघाडीवर असताना घझुआनीने बरोबरी साधली आणि सामना १–१ असा सुटला. विश्वचषकात आफ्रिकी संघाने मिळवलेला तो पहिला गुण.

या एका गुणाचे कौतुक आज कुणी करीत नाही. २०२२ मध्ये मोरोक्कोने उपांत्य फेरी गाठली, त्या झगमगाटात १९७० चा तो गुण कुणाच्या ध्यानात राहणार? तरी मला तो फार मोलाचा वाटतो. आफ्रिकेला जागा देणे म्हणजे विश्वचषकाचा दर्जा घसरवणे, असे बोलणारे लोक तेव्हा थोडे नव्हते. जर्मनांना तासभर घाम फोडणाऱ्या संघाने त्यांचे तोंड बंद केले, आणि तो संघ एका युगोस्लाव्ह गोलरक्षकाने उभा केलेला होता.

मोरोक्कोनंतर झाईर. पूर्वीचा बेल्जियन काँगो. हुकूमशहा मोबुटूंनी १९७१ मध्ये देशाचे नाव बदलून झाईर केले, माणसांना युरोपीय नावे टाकून द्यायला लावली आणि फुटबॉल संघाला बिबट्याचे नाव दिले. इथे विदिनिच यांना कोरी पाटी मिळाली नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. हा देश १९६८ मध्येच आफ्रिकेचा विजेता झाला होता. लुबुम्बाशीच्या क्लबाने १९६७ आणि १९६८ असा लागोपाठ दोनदा आफ्रिकी चषक जिंकला होता, आणि १९७३ मध्ये तो मान किन्शासाच्या व्हिटा क्लबने मिळवला. गुणवत्ता मुबलक होती. पात्रतेच्या अखेरच्या फेरीत झाईरने किन्शासामध्ये मोरोक्कोला ३–० असे हरवले. म्हणजे विदिनिच यांनी स्वतःच घडवलेल्या जुन्या संघाला बाजूला सारले. पंचगिरीवर चिडून मोरोक्कोने परतीचा सामना खेळायलाच नकार दिला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा कृष्णवर्णीय आफ्रिकी देश प्रथमच विश्वचषकाला निघाला.

त्याआधी मार्च १९७४ मध्ये इजिप्तमध्ये आफ्रिकी अजिंक्यपद स्पर्धा झाली. उपांत्य सामन्यात यजमान इजिप्त २–० असा पुढे असताना झाईरने तीन गोल करून सामना जिंकला. झांबियाविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेनंतरही २–२ असा अनिर्णित राहिला. त्यामुळे सामना पुन्हा खेळवला गेला आणि झाईरने तो २–० असा जिंकला. दोन्ही सामन्यांतले झाईरचे चारही गोल न्दाये मुलांबाचे. त्या स्पर्धेत त्याने नऊ गोल केले. एका आफ्रिकी स्पर्धेतला हा उच्चांक अजून कुणाला मोडता आलेला नाही. न्दायेचे नऊ गोल आणि झाईरवरचे नऊ गोल यांच्यात अवघे तीन महिने आहेत. पहिले नऊ गोल किती जणांना माहीत आहेत?

आता गेल्सनकिर्खेन. चार दिवस आधी डॉर्टमुंडमध्ये झाईर स्कॉटलंडविरुद्ध खेळला होता. हरला २–० असा, पण लाज जाईल असे काहीच घडले नव्हते. मग चार दिवसांत काय झाले? खेळाडूंनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की विश्वचषकासाठी कबूल केलेले पैसे त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत हे त्यांना मधल्या काळात कळले. संघाबरोबर सरकारी अधिकाऱ्यांचा मोठा तांडा आला होता आणि पैसा त्यांच्या खिशात गेला. खेळाडूंनी युगोस्लाव्हियाविरुद्ध खेळायलाच नकार दिला, मिनतवाऱ्या झाल्या आणि कसेबसे ते मैदानात उतरले. म्वेपू इलुंगा या बचावपटूने पुढे उघड सांगितले की त्या दिवशी आमचे खेळावरून मन उडाले होते.

आठव्या मिनिटाला बायेविच, चौदाव्याला जायिच, अठराव्याला शुर्याक. मग ती बदली. तिसऱ्या गोलनंतर क्रीडा मंत्रालयाच्या प्रतिनिधीने गोलरक्षकाला काढायला सांगितले आणि आपण ते ऐकले, असा खुलासा विदिनिच यांनी नंतर केल्याची नोंद आहे. चौथा गोल झाला तेव्हा पंचांशी झटापट होऊन त्यांना लाथ बसली. ती म्वेपूने मारली होती, पण कोलंबियाच्या पंचांनी बाहेर काढले न्दायेला. म्हणजे एका चुकीपायी संघाचा सर्वोत्तम खेळाडू गेला आणि उरलेला तासाभराहून अधिक काळ झाईर दहा जणांनिशी, हुकमाखाली बदललेल्या गोलरक्षकासह खेळला. त्या गटात युगोस्लाव्हिया, ब्राझील आणि स्कॉटलंड या तिघांचे चार-चार गुण झाले आणि क्रम गोलांच्या फरकावर लागला. युगोस्लाव्हिया पहिला, ब्राझील दुसरा आणि एकही सामना न हरलेला स्कॉटलंड बाहेर. संशयाला खतपाणी मिळाले ते या हिशेबामुळे.

माझा निवाडा असा. फितुरीचा आरोप टिकत नाही. संघाला हरवायचे असते तर विदिनिच यांना काहीही करण्याची गरज नव्हती, न मिळालेल्या पैशांनी आणि अधिकाऱ्यांच्या लुडबुडीने ते काम आधीच केले होते. दोष मात्र आहे, आणि तो लपवण्याचे मला कारण दिसत नाही. मंत्रालयाच्या माणसाला त्यांनी नकार द्यायला हवा होता. ज्याने स्वतः अंतिम सामन्यात चेंडू सोडला होता, त्याला तीन गोल खाल्लेल्या गोलरक्षकाला साऱ्या जगासमोर मैदानाबाहेर बोलावण्याचा अर्थ कळत होता. हुकूमशहाच्या माणसापुढे परक्या देशात, करारावर काम करणारा माणूस किती ताठ उभा राहू शकतो, हा प्रश्न खराच आहे. तरीही पुढच्या, ब्राझीलविरुद्धच्या सामन्यात गोलमध्ये पुन्हा कझादीच होता, हे विसरता येत नाही. जे चार दिवसांनी जमले ते आधीही जमायला हवे होते.

ब्राझीलच्या त्या सामन्यातला एक प्रसंग आजही हसण्यावारी दाखवला जातो. ब्राझीलला फ्री किक मिळाली आणि ती घेतली जाण्याआधीच म्वेपू भिंतीतून सुटून धावला आणि त्याने चेंडू दूर लाथाडला. आफ्रिकी खेळाडूंना नियमही माहीत नव्हते, असे म्हणून समालोचक हसले. म्वेपूने पुढे सांगितले की नियम चांगला माहीत होता. मोबुटूंच्या पहारेकऱ्यांनी येऊन धमकावले होते: तीनपेक्षा जास्त गोलांनी हरलात तर घरी परतू नका. सामना ३–० असा संपला. विदिनिच यांच्या संघातली माणसे त्या दिवशी कशाच्या भीतीने खेळत होती हे कळल्यावर तो प्रसंग पाहून हसू येणार नाही.

विदिनिच यांच्या नावाला आणखी एक धागा चिकटलेला आहे, मैदानाबाहेरचा. स्पर्धा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी, ११ जून १९७४ रोजी, फ्रँकफर्टमध्ये फिफाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. इंग्लंडचे सर स्टॅन्ले राउस यांना ब्राझीलच्या आव्हेलांज यांनी ६८ विरुद्ध ५२ मतांनी हरवले. आफ्रिकेची मते निर्णायक ठरली. आदिदासचे होर्स्ट डास्लर राउस यांच्या बाजूने होते, आणि तुम्ही चुकीच्या घोड्यावर पैसे लावले आहेत हे त्यांना आदल्या रात्री सांगणारा माणूस विदिनिच होता, असे त्या काळावर लिहिणाऱ्यांनी नमूद केले आहे. आफ्रिकेतली हवा त्यांना इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होती. डास्लर आणि आव्हेलांज यांच्या भेटीतून पुढे फुटबॉलमध्ये प्रायोजकांचा जो पैसा आला, त्याने खेळाचा चेहरा बदलून टाकला, बराचसा भल्यासाठी आणि बराचसा वाईटासाठी. त्याचे श्रेय किंवा अपश्रेय विदिनिच यांच्या माथी मारणे अतिशयोक्तीचे होईल, पण ज्या दाराशी हे सारे सुरू झाले तिथे ते उभे होते. झाईरनंतर त्यांनी कोलंबियाचा संघ सांभाळला आणि पुढे ते आदिदासशी जोडले गेले.

त्यांच्या शेजारी शोश्किच यांना ठेवून पाहण्याचा मोह मला या पुस्तकात जागोजागी झाला आहे. पेच शहरातले शोश्किच पार्टिझानबरोबर चार वेळा लीगचे विजेते झाले, १९६६ मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध युरोपीय चषकाचा अंतिम सामना खेळले, तिथून कोलोनला गेले आणि शेवटी त्याच सेंट लुईस स्टार्सकडे पोचले, जिथे त्यांच्या आधी विदिनिच होते. ते अमेरिकेत स्थिरावले. प्रशिक्षक बोरा मिलुतिनोविच यांच्या काळात अमेरिकी राष्ट्रीय संघाच्या गोलरक्षकांना त्यांनी शिकवले. मेओला, केलर, फ्रीडल यांच्यासारखे गोलरक्षक त्या काळात तयार झाले. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा अमेरिका आणि सर्बिया दोन्हीकडे त्यांना आदराने निरोप मिळाला. एका गोलसाठी झगडलेली ही दोन माणसे. एकाने मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची घेतली आणि आयुष्यभर एका निर्णयाचा जाब देत राहिला. दुसऱ्याने केवळ गोलरक्षक घडवले आणि त्याच्यावर कुणी कधी बोट उगारले नाही.

आपल्या वाचकाला हा विषय फार दूरचा वाटू नये. मेलबर्नला ४ डिसेंबर १९५६ रोजी ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियासमोर भारत होता, आणि मध्यंतरानंतर पहिला गोल झाला तो भारताचा. तो करणारा नेव्हिल डिसोझा मूळचा गोव्याच्या आसगावचा आणि मुंबईच्या मैदानांवर वाढलेला. युगोस्लाव्हियाने नंतर चार गोल करून सामना जिंकला, तरी नेव्हिल चार गोलांसह त्या स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत राहिला. विदिनिच ज्या चमूत होते त्याच चमूविरुद्धची ही कामगिरी आहे. पुढे त्याच वाटेने बेलग्रेडकडची माणसे आपल्याकडेही आली. सर्बियाचे मिलोवान चिरिच यांच्या हाताखाली भारत १९८४ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरला, आणि गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सने २००८–०९ मध्ये आय-लीग जिंकली तेव्हा त्यांचे प्रशिक्षक सर्बियाचे झोरान जॉर्जेविच होते. हे प्रशिक्षक आले, हाती असलेल्या मुलांना घेऊन राबले, आणि निघून गेले. त्यांच्यावर आपण जवळजवळ काहीच लिहून ठेवलेले नाही. आपल्या क्लबांच्या जुन्या खेळाडूंपैकी बरेच जण अजून आहेत. त्यांच्याकडून या आठवणी कुणीतरी वेळीच लिहून घ्याव्यात, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

पुस्तकाची प्रकरणे कालक्रमाने लावलेली नाहीत. लिऑन आणि कैरो आधी येतात, गेल्सनकिर्खेन बरेच मागे. हे मी जाणूनबुजून केले आहे. नऊ गोलांपासून सुरुवात करणाऱ्याला बाकीचा माणूस दिसत नाही, हे मी इतरांच्या लेखनात वारंवार पाहिले आहे. ज्यांना सामन्यांच्या तपशिलात रस नाही त्यांनी अमेरिकेचे प्रकरण खुशाल वगळावे, पण मोरोक्कोचे वगळू नये. ब्लागोये विदिनिच २९ डिसेंबर २००६ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात वारले. विश्वचषकाला दोन निरनिराळ्या आफ्रिकी देशांचे संघ लागोपाठ घेऊन गेलेला पहिला प्रशिक्षक म्हणून त्यांची नोंद व्हायला हवी, आणि ९–० ची नोंद त्याच्या खाली.